तारकरबाईंचं खारं पाणी

अन्याय झाला तो कुमुद तारकर यांच्यावर. गेल्या वर्षी, एप्रिलमधल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी. जागा: चंदीगडमधल्या एका धर्मादाय रुग्णालयाचा डायलिसिस हॉल. साक्षीदार: नऊ खाटांवरचे नऊ पेशंट, त्यांच्यासोबत आलेली माणसं आणि मी. रुग्णालयाचे प्रशासक हॉलच्या मधोमध उभे राहिले, खिशातून कागद काढला आणि मोठ्यानं वाचला. हॉलमधल्या मत्स्यटाकीचं पाणी हिरवं झालं आहे, वास येतो आहे, संसर्गाचा धोका आहे. या सगळ्याला तंत्रज्ञ कुमुद तारकर यांचा निष्काळजीपणा जबाबदार आहे. पंधरा दिवसांत सुधारणा न झाल्यास टाकी काढून टाकण्यात येईल. हिंदीत वाचला, म्हणजे कोणाला कळायचं राहून जाऊ नये.

तारकरबाई त्या वेळी माझ्या बाबांच्या हातातली सुई काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. सुईच्या जागी कापूस दाबला, बाबांचं बोट त्यावर ठेवलं, "दहा मिनिटं दाबून धरा, सुभेदार" म्हणाल्या. मग हातमोजे काढले, कागद घेतला, 'मिळाला' असं लिहून सही केली आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

मी पत्रकं लिहिणारी बाई आहे. विद्यापीठात असल्यापासून हेच करते: कोणाचं चुकलं, कधी चुकलं, आता काय पाहिजे, एका पानात, दोन्ही बाजूंनी. तारकरबाई मात्र एका पानात बसत नाहीत. म्हणून हे लांबतंय.

आधी 'निष्काळजीपणा' या शब्दाचा समाचार घेऊ.

बाई मालवणच्या. नवरा हवाई दलात होता, बदली होऊन इकडे आले, तो गेला, मुलगा परदेशी गेला आणि बाई इथेच राहिल्या. तीस-एक वर्षं डायलिसिसची यंत्रं सांभाळली. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या, म्हणजे पेशंटची नाडी बघताना काटाही दिसतो. सकाळी साडेपाचला हॉल उघडायच्या. डायलिसिसला पाणी फार शुद्ध लागतं. त्याचा मोठा प्लांट हॉलच्या मागे आहे. त्याचं पाणी त्या रोज काचेच्या पेल्यात घेऊन आधी उजेडात धरायच्या, मग हुंगायच्या, मग तपासायच्या. यंत्रावरचा आकडा हिरवा दिसत असताना हुंगायचं कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "आकडा यंत्राला विचारून येतो. नाक माझं आहे."

आमच्याशी बाई साधं शहरी मराठी बोलायच्या. मालवणी फक्त दोन वेळा निघायचं. एक, संताप आला की. दुसरं, बाजारात मासे बघताना. रविवारी त्या बर्फातला बांगडा आणायला जायच्या आणि मंगळवारी हॉलमध्ये आईला सांगायच्या, "हो बांगडो न्हय, बांगड्याचो फोटो आसा." आमची आई साताऱ्याकडची, तिनं बांगडा ना खाल्ला ना पाहिला, पण ती दर आठवड्याला तितक्याच जोरात हसायची. चंडीमंदिरच्या छावणीतून बाबा निवृत्त झाले आणि आम्ही मनीमाजऱ्यात घर घेतलं, तेव्हापासून आईशी मराठी बोलणारं असं बाहेर कोणी उरलंच नव्हतं. बाबांची किडनी गेली आणि आईला मैत्रीण मिळाली, असं आमच्या घरात झालं.

टाकीची गोष्ट अशी. टाकी बाईंची स्वतःची. शाळेतल्या बाकाएवढी लांब, खाऱ्या पाण्याची. आधी घरी होती. चार-चार तास खाटेवर पडून माणसं समोरच्या भिंतीकडे बघतात, हे त्यांना सोसवेना. "रोज भिंत बघून माणूस भिंत होतो," असं म्हणून त्यांनी टाकी आणून त्या भिंतीशी ठेवली. आत मातीचे भाजलेले दगड, दोन नारिंगी-पांढरे मासे, चार गोगलगायी आणि शंखात राहणारा एक खेकडा. प्रवाळ नाही. "प्रवाळ समुद्रातच राहू दे. त्याचं घर उचलून आणायचं आणि आपण आवडतं म्हणायचं, हा कसला न्याय?" हे वाक्य मी लगेच एका पत्रकात वापरलं होतं.

तेव्हाचे एक डॉक्टर म्हणाले होते म्हणे, "मॅडम, जिन्हें नमक मना है, उनके सामने नमक का पानी?" बाई म्हणाल्या, "पीना नहीं है सर, देखना है."

मोठा मासा मादी, छोटा नर. बाई मोठीला 'बायो' म्हणायच्या. छोट्याला नावच नव्हतं. "तो तिचा नवरा. त्याला वेगळं नाव कशाला?"

चंदीगडच्या कोरड्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी रोज उडतं. किती उडालं ते कळावं म्हणून बाईंनी काचेवर पाण्याच्या पातळीला पेशंटच्या हाताला लावतात ती पांढरी चिकटपट्टी लावली होती. पाणी पट्टीखाली गेलं की प्लांटचं शुद्ध पाणी तेवढंच घालायचं, खारं नाही. कारण उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा शेजारच्या खाटेवर एक ट्रान्सपोर्टवाले सरदारजी होते. त्यांचं वजन दोन दिवसांत तीन किलो वाढलं होतं आणि ते शपथ घेत होते, "मैडम जी, कुछ नहीं पिया. बस दो घूंट लस्सी." बाईंनी त्यांना टाकीची पट्टी दाखवली. "देखो सरदारजी. इसमें मैंने कितना डाला, ये पट्टी बताती है. तुम्हारी पट्टी किधर लगाऊं?" सगळा हॉल हसला. सरदारजीही हसले, आणि पुढच्या वेळी दीडच किलो घेऊन आले.

बाहेर किती काढता ते नंतर, आत काय गेलं ते आधी. पेशंट असो, टाकी असो, त्यांचा पहिला प्रश्न हाच. आणि अशा बाईला त्या माणसानं निष्काळजी म्हटलं.

आता खरं तेही लिहिते. पाणी हिरवं झालं होतं. मार्चपासून. आधी काचेवर धूळ बसावी तशी हिरवी झाक आली. मग दगडांवर केस उगवले. लांब, हिरवे, हलणारे. मग पाणीच मुगाच्या कढणासारखं झालं आणि बायो जवळ आली तरच दिसायला लागली. बाईंनी दिवा दहा तासांवरून सहा तासांवर आणला, निम्मं पाणी दोनदा बदललं, फेस काढणारं यंत्र रोज धुतलं. त्या यंत्राचा पेला डाळीवरचा फेस काढावा तसा तपकिरी फेस जमवतो. एरवी आठवड्यानं भरायचा, तो आता दोन दिवसांत भरत होता. शेवाळ जाईना. लोक विचारायचे, औषध का नाही टाकत? बाईंचं उत्तर ठरलेलं: "शेवाळ हा रोग नव्हे, रिपोर्ट आहे. रिपोर्ट फाडून कोण बरं होतं?"

मेमो आला त्या मंगळवारपासून मी पेटले होते. माझ्या धंद्यातल्या माणसाला हिरवं पाणी दिसत नाही, आरोपी दिसतो. मी चौकशी केली. सफाईचं काम ठेकेदाराकडे आहे, आणि ठेकेदाराच्या माणसांपैकी कोणीतरी टाकीच्या गाळणीतला स्पंज नळाखाली धुतला, असं मला कळलं. झालं. खाऱ्या पाण्याच्या टाकीत त्या स्पंजमध्येच घाण पचवणारे जिवाणू राहतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. ते मेले की घाण पचत नाही, तशीच साठते. हे मला बाईंनीच कधीतरी समजावलेलं. मी गुरुवारी पत्रक काढलं, हिंदीत, ठळक अक्षरांत: 'हरे पानी का जवाब दो'. ठेकेदार, हलगर्जी, साटंलोटं. सगळे हुकमी शब्द. गेटवर वाटलं. लोकांनी वाचलं. मला फार बरं वाटलं.

शुक्रवारी ठेकेदारानं शीलाला घरी बसवलं.

शीला म्हणजे हॉलमध्ये फरशी पुसणारी बाई. मेमोच्या आदल्या आठवड्यात तारकरबाई टाकीशी वाकून दमलेल्या तिला दिसल्या. त्यांचं काम हलकं व्हावं म्हणून, कोणी न सांगता, तिनं स्पंज काढून नळाखाली पांढरा होईपर्यंत धुतला होता. लख्ख. तिच्या लेखी तीच तर सफाई.

शनिवारी बाबांना घेऊन गेले तेव्हा बाईंनी मला टाकीमागे बोलावलं. हातात माझं पत्रक, चार घड्या घातलेलं.

"गो बाय, ह्या छापण्याआधी पाण्याक इचारलंस काय?"

मालवणी. मी समजले.

"बाई, स्पंज नळाखाली धुतला हे खरं आहे ना?"

"खरं आहे. एकदा. आणि हिरवं कधीपासून आहे?"

"मार्च..."

"मग स्पंज आधी की शेवाळ आधी?"

"शेवाळ," मी म्हणाले.

"शीलाचं चुकलं, ते मी तिला समजावलं होतं. तिला ते पुरेसं होतं. तू गेटवर टांगलंस. त्या मेमोवाल्यात आणि तुझ्यात फरक काय? त्यानं उभं राहून वाचलं, तू छापून वाटलंस."

मी म्हणाले, "पण मी तुमच्यासाठी..."

"माझ्यासाठी करू नको. बरोबर कर." मग पत्रक माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "पाणी खोटं बोलत नाही, आशू. उशिरा बोलतं. तेवढा धीर धर."

मी त्याच दुपारी ठेकेदाराच्या माणसाकडे गेले आणि पत्रक चुकलं असं लेखी दिलं. आयुष्यात पहिल्यांदा. उरलेली पत्रकं परत गोळा केली. शीला सोमवारी कामावर आली तेव्हा मी बघायला गेले; ती माझ्याशी बोलली नाही, बाईंशी बोलली. ते योग्यच होतं. पण ती फरशी पुसताना दिसली आणि माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं, हे इथे लिहायला मला लाज नाही.

बाई मात्र पाण्याला विचारत होत्या. रोज दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे, रंग बघायचा. फॉस्फेट असेल तर निळा. जितका निळा तितकं जास्त, आणि शेवाळाला फॉस्फेट म्हणजे मेजवानी. प्लांटचं पाणी तपासलं: रंग नाही. मिठाचं तपासलं: रंग नाही. बायोचं खाणं त्या स्वतः चिमटीनं, दिवसाआड, गाळून घालायच्या. तरी नळी निळी. आणि रोज सारखी निळी नव्हती. शनिवारी संध्याकाळी गडद. सोमवारी थोडी फिकी. मंगळवारी संध्याकाळी पुन्हा गडद.

कोणीतरी काहीतरी टाकतंय असं दिसल्यावर प्रशासकांनी सुचवलं, कॅमेरा बसवा. बाई म्हणाल्या, "मशीनवर असलेल्या माणसावर कॅमेरा? नको." विषय तिथेच संपला.

पुढच्या मंगळवारी, म्हणजे मेमोला आठवडा झाला त्या दिवशी, त्यांनी गाळणीतला कापूस काढला. हा कापूस पाणी स्पंजात जाण्याआधी मोठा कचरा अडवतो. तो त्या दोन दिवसांनी, संध्याकाळी बदलायच्या; त्या दिवशी सकाळीच काढला. सकाळचे साडेआठ असतील. नऊही पेशंट मशीनवर, नातेवाईक बाकांवर. बाईंनी कापूस उजेडात धरला. मग हुंगला. मग त्यातून काहीतरी चिमटीत घेऊन अंगठ्यानं चोळलं. स्टीलचा ट्रे मागवला आणि त्यात एक-एक करून ठेवायला लागल्या. मी जवळच होते.

"काय आहे?"

"कणीक," त्या म्हणाल्या. "ही हळद घातलेली. ह्याच्यात तीळ आहेत. ही गुळाची. आणि ही," त्यांनी चौथा गोळा बोटांत दाबला, "तेलावर मळलेली आहे. छान मळलीय."

एका बोळ्यात चार घरची पिठं.

या गावात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही, पण तुम्ही पुण्याहून नुकते आला असाल तर सांगते. इकडे ग्रह वाकडा असला, माणूस आजारी असला, की माशांना कणकेच्या गोळ्या घालायला सांगतात. मंगळवारी, शनिवारी. लोक पहाटे तलावावर जातात, वाटी घेऊन. पण ज्यांचा माणूस मंगळवारी आणि शनिवारी सकाळी सहापासून मशीनवर असतो, त्यांनी तलावावर कधी जायचं? आणि समोरच, पाच पावलांवर, मासे आहेत.

बाई हॉलच्या मधोमध गेल्या. प्रशासक जिथे उभे राहिले होते त्याच फरशीवर. मला वाटलं, आता हजेरी घेणार. ट्रे त्यांनी पाठीमागे धरला होता. हिंदीत म्हणाल्या:

"एक बात पूछनी है. जिन-जिन के घर डॉक्टर ने फॉस्फोरस का परचा दिया है, हाथ उठाइए."

सगळ्यांचे हात वर. डायलिसिसच्या घरात फॉस्फरस हा शब्द म्हातारीकोतारीलाही येतो. रक्तातून तो मशीननं नीट निघत नाही, साठतो, हाडं पोखरतो, अंगाला खाज सुटते. दूध मोजून, डाळ मोजून, कोंडा चाळून. आमच्या फ्रिजवर तो परचा, म्हणजे पथ्याचा कागद, दोन वर्षं चिकटवलेला आहे.

"आटे में फॉस्फोरस होता है?"

"होता है जी, चोकर में ज्यादा," बाकावरून बेबे म्हणाल्या. बेबे म्हणजे सरदारजींच्या आई, ऐंशीच्या पुढच्या. परचा त्यांना तोंडपाठ: कोंड्यात जास्त.

"ये टाकी का परचा आया है आज," बाई म्हणाल्या, आणि निळी नळी वर धरली. "फॉस्फोरस बढ़ा हुआ है. इसको भी किडनी नहीं है. इसकी किडनी वो स्पंज है, और उतनी ही है."

मग ट्रे पुढे केला. कोणी टाकलं, हे विचारलं नाही. फक्त ट्रे घेऊन उभ्या राहिल्या.

मग बेबे ट्रेमध्ये वाकून बघत म्हणाल्या, "गुड़वाली मेरी ए, पुत्त. मैनूं की पता सी, मछली नूं वी परहेज ए." माशालाही पथ्य असतं हे बेबेंना काय ठाऊक! तिळाची एका पोलीस हवालदाराच्या बायकोची निघाली. हळदीची कुणा मास्तरांची.

आणि माझ्या मागून आवाज आला, "अगं बाई."

आमची आई.

मी वळून बघितलं. तिनं पदर तोंडावर धरला होता. मी म्हणाले, "आई! तू?"

"मनीमाजऱ्याच्या पंडितजींनी सांगितलं होतं," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता, बाईंकडे बघत. "चाळीस मंगळवार. सव्वीस झाले. एकच गोळी टाकायची हो मी, तारकरताई. एवढीशी. मला वाटायचं, मी एकटीच."

प्रत्येकाला तेच वाटत होतं. मी एकटी, एवढीशी, एकच. ज्या पाण्यासाठी मी गेटवर आरोपी शोधत होते, त्यातली पिठाची गोळी आमच्या ओट्यावर मळली जात होती. तेलावर. छान मळलेली.

खाटेवरून बाबा म्हणाले, "माझ्यासाठी टाकत होती, आणि मला पोळी कोंडा चाळून!" हॉल हसला, आई रडली, दोन्ही एकदम.

आईची भीती वेगळी होती, ती मला नंतर कळली. सव्वीसवर थांबलं तर मोडलं. मोडलं तर बाबा. तिनं बाईंना बाजूला घेऊन विचारलं, "आता काय करू? गोळीच सांगितलीय त्यांनी."

बाईंच्या जागी मी असते तर अंधश्रद्धा या विषयावर तिथेच सभा घेतली असती. बाईंनी नाही घेतली. म्हणाल्या, "वहिनी, मासा जगावा म्हणून घालायची ना गोळी? जगवा की मग. मंगळवार मोडू नका. मंगळवारी येऊन दगडावरचं शेवाळ काढा. चौदा मंगळवार राहिलेत, मला माणूस पाहिजेच आहे. आणि त्या पिठाची पोळी लाटून बाहेर रांगेत बसलेल्या कोणालातरी घाला."

"चालेल का?"

"माशाला विचारा. तो नाही म्हणणार नाही."

बाईंचा हा हिशेब बरोबर होता की चूक, मला अजून ठरवता येत नाही. पण आईचा चेहरा बघून मी तोंड बंद ठेवलं.

मग बाई कामाला लागल्या. दुसऱ्या दिवशी सोमवार-बुधवार-शुक्रवारच्या गटालाही ट्रे दाखवला. त्यातही वार न बघता टाकणारे दोघं निघाले. टाकी तीन दिवस पूर्ण अंधारात ठेवायची ठरली. उजेड नाही तर पाण्यातलं हिरवं मरतं, माशांना तीन दिवसांनी काही होत नाही. बाईंनी काळी चादर घातली, आणि पहिल्याच तासात एका पेशंटनं तोंड फिरवलं. डायलिसिसच्या हॉलमध्ये चादर ओढलेलं काही ठेवायचं नसतं, हे बाईंनाही उशिरा सुचलं. गुरुवारी बेबेंनी घरून आपल्या लग्नातली फुलकारी ओढणी आणली, लाल, भरगच्च भरतकामाची. ती चादरीवर घातली. टाकी नवरीसारखी दिसायला लागली, आणि लोक तिकडे बघून हसायला लागले.

शनिवारी फुलकारी काढली. पाणी पारदर्शक नव्हतं, पण दगड दिसत होते; बायो दिसत होती, तिचा नवराही. आणि समोर वाळूवर खेकडा उताणा पडलेला. पाय वर, रंग उडालेला.

शीला दारात बादली घेऊन उभी होती. तिनं बादली खाली ठेवली आणि हुंदका दिला. "मेरे स्पंज से हुआ, मैडम जी." आईनं माझा दंड घट्ट धरला. बेबे वाहेगुरू म्हणाल्या. त्या हॉलमध्ये मेलेलं काही चालत नाही, खेकडासुद्धा नाही.

बाईंनी बाही वर केली, कोपरापर्यंत हात घातला, तो उताणा खेकडा उचलून तळहातावर घेतला आणि उजेडात धरला. आरपार दिसत होता. पोकळ.

"कपडे बदललेत त्यानं," त्या म्हणाल्या. "ही कात आहे. मालक असेल दगडामागे, नवीन अंग कडक होईपर्यंत लपतो." आणि शीलाला जवळ बोलावून दगडामागे बोट दाखवलं. शंखातून दोन डोळे बाहेर आले होते.

शीला हसली. मग माझ्याकडे बघून पहिल्यांदा बोलली, "दीदी, इसका पर्चा छापो."

त्या शनिवारी नातेवाईकांनी रांगेनं हात धुतले. दगड एकेक करून बाहेर, दात घासायच्या नव्या ब्रशनं घासायचे, टाकीतून काढलेल्याच पाण्याच्या बादलीत. स्पंज शीलानं पिळला, त्याच बादलीत, नळापासून लांब. मला वाटलं बाई सगळं हिरवं घालवणार. पण एका दगडाच्या बगलेतलं शेवाळ त्यांनी कोणाला हात लावू दिलं नाही. "राहू दे थोडं. गोगलगायींनी काय खायचं?"

बुधवारी, पंधराव्या दिवशी, प्रशासक आले. मी मुद्दाम गेले होते. त्या दिवशी बाबांचा नंबर नव्हता. पाणी इतकं निवळ होतं की टाकी रिकामी वाटावी. प्रशासक वाकले, बघितलं, हुंगलं. "अब ठीक है," म्हणाले. दुसरं काही नाही. बाईंनी त्यांना तपासणीची नळी दाखवायला आणली होती. तिच्यातलं पाणी आता जवळजवळ बिनरंगी होतं. ते थांबलेच नाहीत. टाकी राहिली. मी बाहेर येऊन पायरीवर बसले. इतकं हलकं मला एखादा मोर्चा जिंकूनही वाटलेलं नाही.

आईचे चौदा मंगळवार पुरे झाले. ती अजून जाते.

बाई या हिवाळ्यात निवृत्त होऊन मालवणला गेल्या. टाकी शीलाच्या हवाली केली. ती पाणी उजेडात धरते, हुंगते आणि मग तपासते. जाण्याच्या आदल्या शनिवारी मी हॉलच्या काचेच्या दारातून बघितलं तेव्हा बाई टाकीपुढे स्टुलावर बसल्या होत्या. काम नव्हतं काही. बायो त्यांच्या चेहऱ्यासमोर येऊन थांबली होती, आणि बाई तिच्याशी बोलत होत्या. ओठ हलताना दिसत होते, ऐकू येत नव्हतं. मी आत गेले नाही. ते मालवणी असणार आणि संतापाचं नसणार, एवढं दारातूनही कळत होतं.

आता मुद्दा.

टाकी वाचली म्हणून लोक विसरले. मी विसरलेले नाही. तो मेमो बाईंच्या फाइलमध्ये अजून आहे. तीस वर्षं लोकांचं रक्त स्वच्छ करून देणाऱ्या बाईची कागदावरची शेवटची नोंद 'निष्काळजीपणा' ही आहे. त्यांना विचारलं तर म्हणतात, "जाऊ दे गो." मी जाऊ देणार नाही, आणि तुम्हीही देऊ नका. माझं चुकलं ते मी लेखी दिलं, त्यांनीही द्यावं.

तुमचं माणूस त्या हॉलमध्ये खाटेवर असेल, कधी काळी होतं, किंवा तुम्ही नुसते पाणी द्यायला जात असाल, तर आज प्रशासकांना एक अर्ज लिहा. दोन ओळींचा पुरे. कुमुद तारकर यांचा मेमो मागे घ्या. नऊ खाटांसमोर उभं राहून, मोठ्यानं वाचून मागे घ्या, आणि त्याची प्रत मालवणला पाठवा. उद्या लिहीन म्हणू नका. कागद घ्या.